२४ तास उलटले, आता सांगाडा कुणाचा? (डी अँड डी, अनडेड आणि जादूच्या मर्यादा)

गावभागातला_डीएम
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण दर रविवारी सांगलीत विश्रामबागेत एकाच्या गच्चीवर डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा खेळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, घरचं आहे. हरिपूरला संगमाजवळ जमिनीखाली हळद साठवायची पेवं (खोल खड्डे) असायची ना, त्यावरून मी आख्खं डन्जन रचलंय. वर माळ, खाली एकातून दुसऱ्यात निघणारी पेवं, आणि तळाशी एक म्हातारा मांत्रिक, जो अजून कुणाला दिसलेला नाही.

पार्टीतली (खेळाडूंच्या टोळीतली) विझार्ड, म्हणजे जादूगार, पाचव्या लेव्हलची नेक्रोमान्सर, मेलेल्यांवरची जादू करणारी. तिनं सहा सांगाडे उठवलेत. गोष्टीत ते पेव ढासळून गाडले गेलेले हमाल आहेत. तिनं सहाही जणांना नावं दिली: तात्या, बापू, नाना, थोरला, मधला, धाकटा. जेवायला बसलो तरी "तात्या कुठं उभाय?" असं विचारते.

ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ॲनिमेट डेड या स्पेलनं (मंत्रानं) उठवलेल्या अनडेडवर, म्हणजे मरूनही हिंडणाऱ्यावर, ताबा २४ तास. ते संपायच्या आत तीच स्पेल पुन्हा टाकली तर एका वेळेला चार जणांवरचा ताबा आणखी २४ तास राहतो. स्लॉट म्हणजे दिवसभरात स्पेल टाकायची मोजकी संधी. सहा जणांना रोज दोन स्लॉट हवेत. तिच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन, आणि आर्केन रिकव्हरीतून, म्हणजे थोड्या विश्रांतीनंतर, परत मिळणारा एक. गेल्या रविवारी वर माळावर भांडण पेटलं आणि तिनं दोन फायरबॉल (आगीचे गोळे, तेही तिसऱ्या लेव्हलचेच) टाकले. उरला एक स्लॉट. चौघं राहिले. तात्या आणि बापू सुटले.

मी म्हटलं, सुटले म्हणजे उलटले. तात्यानं तिच्यावरच तलवार उगारली. ती एकदम गप्प झाली, आम्ही सेशन तिथंच थांबवलं. तेव्हापासून मला चैन नाही. माझं चुकलं का? सुटलेला सांगाडा नक्की काय करतो? आणि ताबा संपला तरी तो उभा कसा राहतो, जादू संपली तर हाडं खाली पडायला नकोत का? माझं मत असं बनत चाललंय की या स्पेलची मर्यादा हाडांवर नाहीच, उठवणाऱ्यावर आहे. हाडं दमत नाहीत, माणूस दमतो.

भडंग_डबल_तिखट
तात्या असं करंल असं वाटलं नव्हतं भावा. बापूचा भरवसा मला पहिल्यापासून नव्हता.

कंदी_पेढा
साताऱ्याहून नमस्कार. सोपं आहे की. पार्टीत कुणाकडं डिस्पेल मॅजिक असेल तर टाकायची तात्यावर. जादूनं उठला, जादू काढली की बसला.

नियमांची_वही
पेढेदादा, ते चालत नाही. ॲनिमेट डेडचा कालावधी "तात्काळ" असा आहे. स्पेल त्या क्षणाला घडते आणि संपते. मागे राहतो तो सांगाडा, स्पेल नाही. डिस्पेल मॅजिकला पुसायला काही उरतच नाही. हे खेळाच्या अधिकृत खुलाशातही आलंय, अँटीमॅजिक फील्डलाही (आसपासची जादू बंद पाडणाऱ्या स्पेललाही) तेच लागू. काडीनं गंजी पेटवली आणि मग काडी विझवली तर गंजी विझत नाही, तसं.

डीएमभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. संपतो तो ताबा. उभं राहण्याची शक्ती त्याच्या हाडांत कायमची शिरलेली असते. म्हणून तुमचं "मर्यादा उठवणाऱ्यावर" हे म्हणणं मला पटतं.

मिरज_जंक्शन
मी टेबलावर कधी खेळलो नाही, फक्त बाल्डर्स गेट ३, डी अँड डीवरचा कॉम्प्युटर गेम. त्यात तर रात्री लाँग रेस्ट घेतला की उठवलेले सांगाडे जातात. रोजचं रोज. हिशेबाची कटकट नाही. आणि आपला कुणी मेला तर कॅम्पात विदर्स उभाच असतो, २०० सोन्याची नाणी दिली की माणूस परत. तो स्वतःच हाडांचा.

मला त्यातली सगळ्यात आवडती मर्यादा स्पीक विथ डेडची. मढ्याला पाचच प्रश्न. आणि तुम्हीच मारलं असेल तर ते तुमच्याशी बोलतच नाही. वेश पालटून गेलं तर बोलतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता घरात टाळी वाजवली होती. आई उठून आली.

नियमांची_वही
जंक्शन, पाच प्रश्न टेबलावरही आहेत. त्यात भर म्हणजे एकदा विचारलं की त्याच मढ्याला दहा दिवस पुन्हा विचारता येत नाही, त्याला तोंड शाबूत लागतं, आणि ते अनडेड झालेलं चालत नाही. म्हणजे तात्या कोण होता हे विचारायचं असतं तर उठवायच्या आधी विचारायला हवं होतं.

वाईची_सून
शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं.

तासगाव_बेदाणा
आधी मला सांगा, सहा झालेच कसे? एका टाकण्यात एकच उठतो. रोज दोन स्लॉट धरले तर चार सांभाळायला एक जातो, दुसऱ्यात पाचवा उठतो. दुसऱ्या दिवशी पाच सांभाळायलाच दोन्ही गेले. संपलं. पाचाच्या वर जाताच येत नाही.

नियमांची_वही
आर्केन रिकव्हरी धरा की. पाचव्या लेव्हलला ती तीन लेव्हलचे स्लॉट परत देते, म्हणजे तिसऱ्याचा एक. रोज तीन झाले. दोन स्लॉटांत आठ सांभाळायचे, तिसऱ्यात नववा उठवायचा. नऊपर्यंत जाता येतं, पण मग आख्ख्या दिवसात तिसऱ्या लेव्हलचं दुसरं काही टाकायचं नाही.

तासगाव_बेदाणा
व्हय, रिकव्हरी इसरलोच. म्हंजी पोरीनं बराबर जमवलं हुतं, फायरबॉलनं घोटाळा केला. द्राक्षबागेसारखंच हाय की हे. लावणी किती बी करा, रोज हात फिरवायला माणूस किती हायत त्यावर बाग ठरती.

राजापुरी_हळद
फायरबॉल माळावर टाकला ते बरं केलं. पेवात टाकला असता तर चारी बाजूंना वीस फुटांत तात्यासकट सगळी पार्टी भाजली असती.

पेवाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या आज्यांची हरिपुरात पेवं होती. हळद भरली की तोंड बंद करून लिंपायचं. वर्षं गेली तरी आत माल तसाच. पण उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा माणसाला मारते. आधी हवा बदलू द्यायची, मग माणूस सोडायचा, तोही कमरेला दोर बांधून. आजा म्हणायचा, पेवात पहिला उतरणारा घरी सांगून उतरतो. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि किती लोकांचं सोनं चिखल झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

डीएमभाऊ, तुमच्या पेवात खराब हवा ठेवा. सांगाड्याला हवा, पाणी, अन्न, झोप काहीच लागत नाही. म्हणजे जिथं जिवंत माणूस उतरू शकत नाही तिथं तात्या उतरू शकतो.

गावभागातला_डीएम
हळदभाऊ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ठेवतोच.

वाईची_सून
माझ्या आजेसासूबाई भुतांच्या गोष्टी सांगायच्या, त्यात प्रत्येकाला हद्द असायची. मुंज्या पिंपळाचा, तो पिंपळ सोडून लांब जात नाही. चकवा रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो, पण उजाडलं की वाट दिसते. हडळ ओळखायची तर पाय बघायचे, उलटे असतात. वेताळ अमावास्येला पालखी घेऊन निघतो, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, पण वाट सोडली तर तो काही करत नाही. आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तर सगळ्यांना ठाऊक. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. ताबा किती वेळ, तर तोंड बंद आहे तोवर!

मला ही हद्द २४ तासांपेक्षा जास्त भावते. घड्याळ बघावं लागत नाही. तिचं तिला कळतं की आपण बोललो म्हणून सुटला. डीएमभाऊ, तुमच्या मांत्रिकाला असं काही द्या. त्याची भुतं त्याच्या ताब्यात आहेत, पण त्यानं तोंड उघडायचं नाही. मग पार्टीनं लढायचं कशाला, त्याला बोलतं करायचं.

भडंग_डबल_तिखट
त्याला विचारायचं, भडंग सांगलीचं चांगलं का जयसिंगपूरचं. गप बसूनच दावावं त्यानं.

प्रीतिसंगम
कराडहून. मला मूळ गोष्टीतच एक शंका आहे. आपल्याकडं बहुतेक घरांत दहन, अस्थी कृष्णेत. मग ॲनिमेट डेडला हाडं आणायची कुठून? पेव ढासळून गाडले गेलेले हमाल ही युक्ती म्हणून फार नेमकी आहे. त्यांना अग्नी मिळालाच नाही. कॅम्पेनमधला प्रत्येक सांगाडा असा असेल, ज्याचे विधी राहून गेलेत, तर नेक्रोमान्सरला आधी गोष्ट शोधावी लागेल आणि मग हाडं.

दुसरं. रेझ डेड, म्हणजे मेलेल्याला जिवंत करायची स्पेल, तिची मुदत मरणानंतर दहा दिवस आहे. ५०० नाण्यांचा हिरा खर्ची पडतो, आणि आत्म्याची परत यायची इच्छा असावी लागते. दहा दिवस वाचलं आणि मी थबकलोच. आपला दहावा! पिंड ठेवायचा, कावळ्याची वाट बघायची. शिवला तर सुटला, नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. तुमच्या जगात नियम असा करता येईल: कावळा शिवेपर्यंत आत्मा परत येऊ शकतो. मग हिऱ्यापेक्षा कावळा महाग.

नियमांची_वही
वा! आणि जेंटल रिपोझ नावाची स्पेल आहे, ती मढ्यावर टाकली की ते दिवस रेझ डेडच्या मुदतीत मोजत नाहीत, आणि तेवढ्या काळात ते अनडेड होऊ शकत नाही. साहित्य काय, तर चिमूटभर मीठ आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. हे कुणीतरी आपल्या घाटावर बसून लिहिलंय असं वाटतं.

कृष्णाकाठची
कल्पना सुंदर आहे, पण एक सांगू का? आमच्या घरी दिवाळीआधी वडील गेले. माहुलीला दहावा झाला आणि कावळा दीड तास शिवला नाही. शेवटी भावानं मोठ्यानं सांगितलं, आईला आम्ही सांभाळू, तेव्हा आला. मी त्या टेबलावर असते आणि डीएमनं सहज कावळा आणला असता तर उठून गेले असते. खेळात आणू नका असं म्हणत नाही. आधी विचारा.

प्रीतिसंगम
ताई, माफ करा. हे मी आधी म्हणायला हवं होतं. आमच्या टेबलावर कॅम्पेन सुरू करताना प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावतो, काय नको ते. नाव न घालता. कावळाही त्यात येऊ शकतो हे आज कळलं.

कृष्णाकाठची
माफी कशाला. वाचून आठवण आली, एवढंच. चिठ्ठीची पद्धत चांगली आहे.

मिरज_जंक्शन
जरा वेगळं विचारतो. व्हॅम्पायरला वाहतं पाणी चालत नाही म्हणतात. मग तो आयर्विन पुलावरून सांगलीत येऊ शकतो का?

नियमांची_वही
येऊ शकतो. पाचव्या आवृत्तीत त्याची पाळी वाहत्या पाण्यात संपली तरच २० ॲसिड डॅमेज. पूल म्हणजे पाणी नाही. खरी अडचण पुढची: घरात राहणाऱ्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला घरात शिरता येत नाही.

गावभागातला_डीएम
यावर मी खूप विचार केलाय, कारण आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आम्ही रात्री होडीतून बाहेर पडलो आणि विश्रामबागेत मावशीकडं आठ-दहा दिवस राहिलो. डी अँड डी तिथंच पहिल्यांदा खेळलो, मावसभावाच्या फाशांवर, इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात. बाहेर करायला काही नव्हतंच.

तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. आमचं घर रिकामं. आत कुणी राहणारं नाही. मग ते घर व्हॅम्पायरच्या नियमात अजून घर आहे का? बोलावणं कुणाचं घ्यायचं? मावसभाऊ म्हणाला, तुम्ही परत जाणार आहात ना, मग ते घरच. मी त्याचा निकाल मान्य केला. परत गेलो तेव्हा भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती, आणि उंबऱ्याशी उभं राहून मला ते आठवलं.

वाईची_सून
मावसभावाला आमच्याकडून नमस्कार सांगा.

कंदी_पेढा
मूळ मुद्द्यावर येतो, कारण डीएमभाऊंचं म्हणणं मला खोडायचंय. मर्यादा उठवणाऱ्यावर म्हणता, पण वर गेलं की ती राहत नाही. फिंगर ऑफ डेथ बघा. सातव्या लेव्हलची स्पेल, विझार्डला तेराव्या लेव्हलला मिळते. तिनं माणूस मेला तर पुढच्या पाळीला झोंबी होऊन उठतो आणि कायमचा तुमच्या ताब्यात. २४ तास नाहीत, पुन्हा टाकणं नाही. रोज एक म्हटलं तर वर्षाला ३६५. आपल्याला झोप लागो न लागो.

दुसरी वाट वाइटची, म्हणजे जीव शोषणाऱ्या एका जातीच्या अनडेडची. क्रिएट अनडेड आठव्या लेव्हलच्या स्लॉटनं, तेही रात्रीच, टाकली तर दोन वाइट मिळतात. वाइटनं जीव शोषून मारलेली माणसं २४ तासांनी झोंबी होऊन त्याच्या ताब्यात जातात, एकेका वाइटकडं बारापर्यंत. दोन वाइट सांभाळा, चोवीस झोंबी आपोआप.

तासगाव_बेदाणा
पेढेदादा, ह्ये म्हंजी ऊसतोडीचं झालं. मालकाचा हिशेब मुकादमाशी, कोयत्याशी न्हाय. मुकादम एक रात्र सुटला की बारा कोयती त्याच्यामागं गेली. झोंबी तुमचं न्हाईतच, वाइटचं हायत.

नियमांची_वही
बेदाणाभाऊ बरोबर. आणि फिंगर ऑफ डेथला आधी जिवंत माणूस मारावा लागतो. सापडलेली हाडं चालत नाहीत. ३६५ झोंबी म्हणजे ३६५ जणांकडं बोट दाखवणं.

कंदी_पेढा
मग मर्यादा जादूत नाही, बोट दाखवणाऱ्यात आहे. म्हणजे मी फिरून डीएमभाऊंच्याच दारात आलो. चला, चहा पाजा.

नियमांची_वही
डीएमभाऊ, एक राहिलं, आणि तेच तुमचं उत्तर आहे. रात्री राक्षसांचं पुस्तक काढून सांगाड्याचं पान पुन्हा वाचलं. तुम्ही पूर्ण चुकला नव्हता. जिवंत माणूस समोर आला आणि मालकानं रोखलं नसेल, तर सांगाड्यातली शक्ती त्याला मारायलाच ढकलते. पण त्याच पानावर हेही आहे की मालकाच्या ताब्यातून सुटलेले सांगाडे कधीकधी आयुष्यात जे करायचे तेच करत बसतात. खाणकामगाराचा सांगाडा कुदळ उचलून भिंत फोडायला लागेल.

तुमचा तात्या हमाल होता.

वाईची_सून
अगं बाई.

राजापुरी_हळद
पोती.

गावभागातला_डीएम
(सोमवारी सकाळी लिहितोय.) कालचं सेशन झालं. सुरुवातीलाच तिला सांगितलं, मागच्या वेळी मी घाई केली, तो एक क्षण मागं घेऊया. तिनं मान डोलावली. मग तात्यानं तलवार टाकली आणि वळून बापूबरोबर खाली उतरला. खराब हवेच्या पेवात. कुणाला मागं जाता आलं नाही.

रॉगनं (पार्टीतल्या चोरानं) दोराला कंदील बांधून सोडला, तोही विझला. अंधारात साठ फुटांपर्यंत दिसणारा आमचा ड्वार्फ तोंडाशी पालथा पडून बघत होता. तो सांगत होता आणि बाकीचे ऐकत होते: दोघं कुजलेली पोती पाठीवर घेतात, भिंतीपर्यंत नेतात, थप्पी लावतात, परत येतात. पोत्यात काही नाही. तात्या दर खेपेला भिंतीशी एक हात टेकून थांबतो. ते मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

क्लेरिकनं (पार्टीतल्या पुजाऱ्यानं) टर्न अनडेड, म्हणजे अनडेडांना पळवून लावायची शक्ती, वापरतो म्हटलं. पाचव्या लेव्हलला त्यानं सांगाडे नुसते पळत नाहीत, नष्टच होतात. आणि तीस फुटांत जे ऐकतील किंवा बघतील ते सगळे, म्हणजे तिचे उरलेले चौघंही. तिनं आधी चौघांना माळावर लांब पाठवलं. आम्हाला वाटलं आता हो म्हणणार. ती म्हणाली, नको, त्यांचं काम चाललंय. मुदत उलटून गेल्यामुळं ताबा परत घेता येत नाही हे तिला माहीत होतं. पुन्हा मिळवायचे तर आधी मोडायचे आणि मग नव्यानं उठवायचे. तेही तिला नको होतं.

मग पेवाचं तोंड बंद करायचं ठरलं. पुढच्या रविवारी तेच करतोय, वरच्या चौघांच्या हातून. हळदभाऊ, लिंपायला काय वापरायचे? सेशनमध्ये नीट सांगायचंय.

राजापुरी_हळद
आमच्याकडं काळी माती आणि शेण. आधी तोंडावर दगड बसवायचा, मग फटी भरायच्या. एका हातात होत नाही, पहिला थर वाळला की तडे जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हात फिरवायचा. म्हणजे तुमच्या पोरीला तिथं एक मुक्काम करावा लागेल. त्या दिवसाचा स्लॉट राखून ठेवायला सांगा.

भडंग_डबल_तिखट
नानाला आत बघू देऊ नका. त्याचं मन रमायचं न्हाय मग वर.